पोटाची आठवण

सुगी झाली, धान्य घरात आलं, की आपल्या गटांच्या बैठकांत एक विषय ठरलेला असतो, तो म्हणजे उंदीर. मातीची कणगी असो, पत्र्याची कोठी असो, नाहीतर गटाने मिळून भाड्याने घेतलेली खोली असो, उंदीर वाट काढतोच. मग कुणीतरी सांगते, "ताई, औषध आणून टाकलं. पहिल्या रात्री दोन मेले. पुढं आठ दिवस गोळा जिथल्या तिथं. उंदीर शहाणे झाले." शेजारची लगेच म्हणते, "घरात औषधाचं नाव घ्यायचं नसतं, त्यांना ऐकू जातं."

नाव घेतल्याने काही होत नाही. पण उंदीर शहाणे होतात हे मात्र शंभर टक्के खरं आहे. ते शहाणपण कसं येतं, कुणी शोधलं, शोधणाऱ्याला किती वर्षं खोटं ठरवलं गेलं आणि हे शहाणपण पुसून कसं जातं, याचा इतिहास मोठा रंजक आहे. तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत, आजारी माणसाच्या ताटापर्यंत येऊन पोचतो, म्हणून आज तो विषय घेतला.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. सणाला चार दिवस पुरणपोळी खाल्ली की वीट येतो. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गोड लागते. पण एखादा पदार्थ खाल्ला आणि त्यानंतर उलट्या सुरू झाल्या, की त्या पदार्थाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. त्याला आपण शिसारी म्हणतो. वीट लवकर जातो, शिसारी वर्षानुवर्षं बसून राहते. आजचं बोलणं शिसारीबद्दल आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धात. १९३९ ला युद्ध पेटलं. इंग्लंड हे बेट, धान्य जहाजांतून यायचं आणि जर्मनीच्या पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. गोदामात पोचलेला दाणा न् दाणा मोलाचा, आणि तोच उंदीर खात होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात चार्ल्स एल्टन नावाचे प्राणीशास्त्रज्ञ होते. रानातल्या प्राण्यांची संख्या कशी वाढते, कशी घटते, याचा अभ्यास करणारी संस्था ते चालवत. सरकारने त्यांना कामाला लावलं, की आता रानातलं राहू दे, गोदामातल्या उंदरांचं बघा. एल्टन, डेनिस चिटी आणि त्यांच्या सोबत्यांनी युद्धाची सगळी वर्षं हेच केलं. रात्री धान्य मोजून ठेवायचं, सकाळी किती गेलं ते मोजायचं, वहीत लिहायचं. आपल्या गटाच्या हिशोबासारखंच काम, फक्त खातेदार उंदीर.

त्यांच्या लक्षात काय आलं? नेहमीच्या वाटेवर काही नवं दिसलं, की उंदीर आधी त्याला टाळतो. मग एखाद्या रात्री येतो आणि अगदी थोडं, चिमूटभर चाखतो. हे का, तर उंदराला उलटी करता येत नाही. कुत्रा, मांजर, माणूस, आपण सगळे नको ते पोटात गेलं तर बाहेर टाकू शकतो. उंदराचं एकदा आत गेलं की गेलं. म्हणून त्याची सगळी राखण तोंडापाशीच असते. चिमूटभर खाऊन तो थांबतो. त्यात झटपट काम करणारं विष असेल, तर त्याचं पोट बिघडतं, पण मात्रा कमी पडल्याने जीव वाचतो. आणि वाचलेला उंदीर पुन्हा त्या चवीला तोंड लावत नाही.

यावर त्यांनी तोड काढली ती साधी होती. विष घालायच्या आधी काही दिवस तेच धान्य विषाशिवाय ठेवायचं. उंदरांची भीड चेपू द्यायची. ते पोटभर खायला लागले, की मग एका रात्री त्यातच विष. हा सगळा अभ्यास युद्ध संपल्यानंतर १९५४ साली जाडजूड ग्रंथाच्या रूपाने छापला गेला. आपले कृषी सहायक आजही झिंक फॉस्फाईडबद्दल हेच सांगतात, की आधी दोन-तीन दिवस भरडा, तेल, गूळ असं बिनविषारी आमिष ठेवा, मग औषधाचं. आणि एकदा झालं की पुन्हा लगेच तेच औषध वापरू नका, कारण वाचलेले उंदीर आता ते ओळखतात. आपल्या बैठकीतल्या बाईने पहिल्याच रात्री औषधाचा गोळा ठेवला होता, हे सांगायला नकोच. (जाता जाता एक. या औषधावर उतारा नाही. ते लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, आणि कृषी सहायकाला विचारल्याशिवाय वापरू नका.)

म्हणजे गोदामवाल्यांना, उंदीर पकडणाऱ्यांना, शेतकऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. विद्वानांना मात्र ती पटत नव्हती. का पटत नव्हती, ते सांगते.

त्या काळी प्राणी कसे शिकतात याचे नियम रशियाच्या पावलोव्ह यांच्या कामावर उभे होते. त्यांच्या कुत्र्याची गोष्ट काहींनी शाळेत वाचली असेल. ठरावीक आवाज करायचा आणि लगेच खायला द्यायचं. असं बऱ्याचदा केलं की नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यावरून नंतरच्या लोकांनी नियम बांधले. एक, दोन गोष्टी पाठोपाठ, काही सेकंदांच्या आत घडल्या तरच प्राणी त्यांची सांगड घालतो. दोन, ही सांगड बसायला ते पुन्हा पुन्हा घडावं लागतं. तीन, खूण कुठलीही चालते. आवाज, उजेड, वास, चव, सगळ्या सारख्याच.

आता उंदराचं बघा. तो आज रात्री खातो आणि पोट बिघडतं तासाभराने, कधी त्याहून उशिरा. मध्ये काही सेकंद नाहीत, कितीतरी वेळ गेलेला आहे. आणि हे घडतं एकदाच. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे उंदराने यातून काही शिकायलाच नको.

हा नियम मोडणारा माणूस म्हणजे जॉन गार्सिया. त्यांचा जन्म १९१७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावाजवळ झाला. आईवडील स्पेनमधून आलेले, शेतीत राबणारे. स्वतः गार्सिया तरुणपणी मोठ्या ट्रकची दुरुस्ती करत. युद्धात सैन्यात गेले, ते संपल्यावर पुन्हा कॉलेजात बसले. त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती १९६५ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ज्या बायांना अर्धवट राहिलेली दहावी आता द्यायला लाज वाटते, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

१९५० च्या सुमारास गार्सिया सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हंटर्स पॉइंटला नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जपानवर अणुबॉम्ब पडून फार वर्षं झाली नव्हती. किरणोत्सर्गाचा जिवावर काय परिणाम होतो, हे सरकारला हवं होतं, म्हणून उंदरांना किरणांच्या खोलीत ठेवून बघत. या किरणांनी उंदरांचं पोट बिघडे. एक लहानशी गोष्ट गार्सियांच्या नजरेला आली. किरणांच्या खोलीत ठेवलेले उंदीर तिथलं पाणी कमी कमी पिऊ लागले. आपल्या रोजच्या पिंजऱ्यात गेले की मात्र भरपूर पीत. पाणी तर दोन्हीकडे एकच. मग फरक कशात? शोध घेतला तेव्हा दिसलं, की पिंजऱ्यातल्या बाटल्या काचेच्या होत्या आणि त्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या पाण्याला एक चव येते, ती आपल्यालाही कळते, उन्हात ठेवलेल्या बाटलीचं पाणी पिऊन बघा. उंदरांनी पोटाच्या त्रासाचा दोष त्या चवीवर टाकला होता. खोलीवर नाही, यंत्राच्या आवाजावर नाही, चवीवर.

गार्सियांनी मग तपासून पाहिलं. उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणं दिली. गोड पाणी उंदरांना फार प्रिय. पण या उंदरांनी पुढे गोड पाण्याकडे पाठ फिरवली. ज्यांना किरणं दिली नव्हती, ते गोड पाणी पीतच राहिले. १९५५ साली हे छापून आलं.

त्यांचा सर्वांत नावाजलेला प्रयोग १९६६ चा. तो मला इतका आवडतो, की जरा सावकाश सांगते. उंदरांना पाणी दिलं ते गोड, आणि शिवाय उंदराची जीभ नळीला लागली की दिवा लुकलुके आणि टकटक आवाज होई. म्हणजे एकाच पाण्याला तीन गोष्टी जोडलेल्या, चव, उजेड आणि आवाज. आता उंदरांचे दोन भाग केले. काहींना पाणी पिल्यानंतर मळमळ होईल असं केलं. काहींना पाणी पिताना पायाला विजेचा झटका दिला. नंतर दोघांनाही एकेक गोष्ट वेगळी करून दिली. कधी नुसतं गोड पाणी, दिवा नाही, आवाज नाही. कधी साधं पाणी, पण दिवा आणि आवाज आहे.

ज्यांना मळमळ झाली होती, त्यांनी गोड पाणी सोडलं, दिव्याची आणि आवाजाची त्यांना काही तमा नव्हती. ज्यांना झटका बसला होता, त्यांचं उलटं. ते गोड पाणी खुशाल प्यायले, पण दिवा लागला आणि टकटक झालं की दूर पळाले. पोट दुखलं तर दोष खाल्ल्याप्यायल्याला, अंगाला लागलं तर दोष दिसलं-ऐकलं त्याला. ही वाटणी उंदीर जन्मतःच घेऊन येतो. त्याच वर्षी गार्सियांनी हेही दाखवलं, की गोड पाणी पिऊन झाल्यावर तासाभराने मळमळ आणली तरी उंदीर दोष पाण्यावरच टाकतो. पुढे इतरांनी तपासलं, तर काही उंदरांनी बारा तासांनंतर आलेल्या त्रासाचा दोषसुद्धा त्या चवीवर टाकला.

हे पचनी पडेना. मोठमोठ्या नियतकालिकांनी त्यांचे लेख परत पाठवले. युरोपात एक घड्याळ असतं, तास झाला की त्याच्या खिडकीतून लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडतो. एका विद्वानाने म्हणे असं म्हटलं, की या घड्याळात पक्ष्याची शिट सापडणं जितकं शक्य, तितकेच हे निष्कर्ष शक्य. गार्सियांनी कमी नावाच्या नियतकालिकांत लेख छापले आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्यांनी तेच प्रयोग करून बघितले, तर तेच निघालं. १९७९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना मोठा सन्मान दिला, १९८३ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीत त्यांची निवड झाली. २०१२ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन ते वारले. मला तर वाटतं, शेतात राबणाऱ्या घरातून आले म्हणूनच त्यांना उंदराचं म्हणणं ऐकू आलं. ज्याने कोठीतला उंदीर कधी पाहिलाच नाही, त्याला नियमाचं पुस्तकच खरं वाटणार.

इथे उंदराच्या औषधाचा एक धागा जोडून घेते. पोट बारा तासांपूर्वीचं आठवतं, पण चार-पाच दिवसांपूर्वीचं? तिथे त्याची दमछाक होते. ही फट सापडली, तीही एका शेतकऱ्यामुळे. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी भर हिमवादळात गाडी हाकत कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात आला. सोबत काय आणलं, तर मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं रक्त जे गोठतच नव्हतं, आणि खराब झालेल्या वैरणीचा भारा. ही वैरण आपल्या लसूणघासाच्या कुळातली. ती ओली राहून बुरसली, की तिच्यात रक्त पातळ करणारं द्रव्य तयार होई आणि गुरं आतून रक्तस्राव होऊन मरत. लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षं खपून ते द्रव्य शोधून काढलं. त्याच्याच जातीचं वॉरफरिन १९४८ साली उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं.

हे औषध खाल्ल्यावर उंदराला लगेच काही होत नाही. तो आज खातो, उद्या खातो, परवा खातो. काही दिवसांनी रक्तस्राव होऊन मरतो. त्रास इतक्या उशिरा येतो, की पोटाला कुणाकडे बोट दाखवावं कळत नाही. आपल्या बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या याच जातीच्या, म्हणून तिथे आधी बिनविषारी आमिष ठेवायची गरज पडत नाही. आणि हेच वॉरफरिन १९५० च्या दशकापासून माणसाच्या रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टर देतात. तुमच्या घरात कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असेल, तर ही गोळी तुम्हाला माहीत असेल. कालवडीच्या मरणातून निघालेलं औषध आज माणसं जगवतंय.

आता शिसारी जाते कशी ते बघू. प्रयोगशाळेत सोपा रस्ता आहे. गोड पाणी टाळणाऱ्या उंदराला तहानेला ठेवून पुन्हा पुन्हा तेच गोड पाणी द्यायचं, आणि त्यानंतर काही त्रास होऊ द्यायचा नाही. पहिल्या दिवशी तो दोन थेंब घेईल, मग चार, असं करत हळूहळू पिऊ लागतो. पण आठवण पुसली जाते असं नाही. मध्ये काही काळ गेला, की ती पुन्हा डोकं वर काढते. जुन्या नोंदीवर नवी नोंद होते, जुनं पान फाटत नाही.

दुसरा रस्ता संगतीचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. उंदीर बाहेरून खाऊन बिळात येतो, तेव्हा दुसरे उंदीर त्याचं तोंड हुंगतात. त्याच्या श्वासातल्या वासावरून याने काय खाल्लं ते त्यांना कळतं, आणि पुढे तेच खाणं त्यांना आवडू लागतं. पिल्लांना तर आईच्या दुधातूनही आईच्या खाण्याची चव कळते. गॅलेफ यांनी पुढे हे दाखवलं, की एखाद्या अन्नाची शिसारी बसलेल्या उंदराला, तेच अन्न नुकतंच खाल्लेला उंदीर भेटवला, तर त्याची शिसारी सैल पडते आणि तो पुन्हा ते खाऊ लागतो.

गुरांतही हेच दिसतं, फक्त तिथे ते जिवावर बेततं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ कुरणांत लार्कस्पर नावाची निळ्या फुलांची विषारी वनस्पती उगवते आणि ती खाऊन गुरं मरतात. युटा राज्यातल्या लोगान गावी विषारी वनस्पतींवर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या मायकेल राल्फ्स यांनी गार्सियांचं ज्ञान वापरलं. गुरांना लार्कस्पर थोडी खाऊ दिली आणि लगेच लिथियम क्लोराईड दिलं. या क्षाराने जीव जात नाही, पण जोराची मळमळ होते. गुरांनी लार्कस्पर सोडली. वेगळी राखली, तर पुढच्या हंगामांतही ती त्या झाडाला तोंड लावीनात. पण ज्यांना असं शिकवलेलं नव्हतं, त्या गुरांत ती मिसळली आणि शिकवण पुसायला लागली. शेजारची गाय खाते म्हणून हिनेही एक घास घेतला, मळमळ झाली नाही, मग आणखी एक घेतला. त्यावरून पशुपालकांना सल्ला दिला गेला, की शिकवलेली गुरं वेगळी चारा.

त्याच गावच्या युटा राज्य विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा आणि एलिझाबेथ ब्युरिट यांनी कोकरांवर पाहिलेली गोष्ट आपल्या शेळ्यावाल्या गटांनी ऐकावी अशी आहे. कोकराने ओळखीचा चारा आणि एक नवा चारा असं दोन्ही खाल्लं आणि मग पोट बिघडलं, तर ते दोष नव्या चाऱ्यावर टाकतं. नव्याचा खरंच दोष असो वा नसो. यावरून माझं मत असं, की बाजारातून नवी शेळी आणली, ती प्रवासाने शिणलेली आहे, किंवा आजच जंताचं औषध पाजलंय, तर त्याच दिवशी तिला सुबाभूळ नाहीतर शेवरी पहिल्यांदा घालू नये. दोन दिवस थांबावं, तिला चांगलं वाटू द्यावं. आणि नवा चारा घालताना जी जुनी शेळी तो आवडीने खाते, तिच्या शेजारी बांधावं.

हे सगळं माणसातही आहे. आपलं एक वाईट असं, की आपल्याला कारण कळलं तरी पोट ऐकत नाही. ताप साथीचा होता, त्या दिवशी खाल्लेल्या अंड्याचा काही संबंध नव्हता, हे मनाला पक्कं ठाऊक असतं. तरी अंडं समोर आलं की घशाशी येतं. घरात मग सुरू होतं, "नखरे आहेत", "माहेरी लाडावलेली आहे". तिसऱ्या महिन्यात मळमळणाऱ्या सुनेने एखादी भाजी नको म्हटली आणि बाळंत झाल्यावरही तिला ती नकोशी वाटली, तर तिला नावं ठेवायच्या आधी तो उंदीर आठवा. ज्याच्यावर तिचा काही ताबा नाही, ते तिच्याकडून मागू नका. भाजी दुसरीही असते.

मुलांचंही तसंच. लेकरू जुलाबाने बेजार असताना नाचणीची खीर पहिल्यांदाच कोंबून भरवली, तर पुढे ते खिरीची वाटी बघूनच तोंड फिरवू शकतं, आणि आपण म्हणतो याला नाचणी आवडत नाही. आजारात खायला तर द्यायचंच, पण रोजच्या ओळखीचं द्यावं. नवी चव बरं वाटू लागल्यावर. आणि ज्याला शिसारी बसली आहे, त्याला दटावून काही होत नाही. अंगणवाडीत चार मुलं तेच आवडीने खात असताना, त्यांच्या पंगतीत बसवून, एखादा घास चाखू द्यावा आणि ताट बाजूला करू द्यावं.

शेवटची गोष्ट कॅन्सरच्या उपचारांची. आपल्या गटांतल्या बायांच्या घरी हा आजार आता परका राहिलेला नाही, म्हणून ती मुद्दाम ठेवली. केमोथेरपीची काही औषधं अशी, की त्यांनी जोराची मळमळ आणि उलट्या होतात. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात इलिन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचार केला, की उंदराला किरणांनी मळमळ होऊन चवीची शिसारी बसते, तर या लेकरांचं काय होत असेल? त्यांनी कॅन्सरच्या उपचाराला आलेल्या काही मुलांना औषधाच्या आधी वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर पुन्हा तेच आइस्क्रीम समोर ठेवलं, तेव्हा मळमळ आणणारं औषध मिळालेल्या मुलांनी ते इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात नाकारलं. औषधाने उलटी झाली हे मोठ्या मुलांना समजत होतं, तरी. हे १९७८ साली छापून आलं.

आपल्याकडे काय होतं? केमोला जायच्या दिवशी, तिला आवडतं म्हणून बहीण पहाटे उठून धपाटे करते, आई लाडू बांधून देते, नाहीतर अंगात ताकद यावी म्हणून त्याच सकाळी मटणाचा रस्सा. प्रेमानेच करतात. पण त्यानंतर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि जे अन्न पुढचे सहा महिने तिच्या अंगी लागायला हवं, त्याचीच तिला शिसारी बसू शकते. म्हणून त्या दिवशी तिच्या जिवाभावाचं काही देऊ नये. डॉक्टर जेवढं चालेल म्हणतील तेवढं, साधं आणि हलकं द्यावं. धपाटे चार दिवसांनी, तोंडाला चव आल्यावर.

बर्नस्टाइन बाईंनी पुढे आणखी एक शक्कल काढली. नव्या चवीवर दोष लवकर बसतो हे कोकरांवरून आपण पाहिलंच. मग दोष घ्यायला मुद्दाम कुणाला तरी पुढे का करू नये? १९८७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी ब्रोबर्ग यांनी काही मुलांना नेहमीचं जेवण झाल्यावर आणि औषध देण्याआधी ठळक चवीची चोखायची गोळी दिली. काहींना नारळाच्या चवीची, काहींना दुसऱ्या एका चवीची. ज्या मुलांनी गोळी चोखली होती, त्यांची नंतर त्या जेवणावरची वासना कमी उडाली. पोटाने दोषाचा बराचसा वाटा गोळीवर टाकला होता. पुढे त्या चवीची गोळी मुलांना कधीच नको वाटली असती, तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.